दोनच हाका

विचारायचं एकच होतं: पोरीला पाठवू की नको? तेवढ्यासाठी मी घाटंजीजवळच्या तांड्यावरून निघून थेट ऑस्ट्रेलियात पोचले. पर्थच्या विमानतळावर सामानाची गाडी हातात धरून उभी असतानाच मैत्रिणीला विचारूनही टाकलं. ती म्हणाली, "आधी गळ्यात तर पड वं. आली नाई तं सुरू झाली!"

माझी पोरगी नर्स आहे. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात तीन वर्षं काम केलं, इंग्रजीची ती अवघड परीक्षा दिली, आणि एक दिवस घरी येऊन, भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं की पर्थच्या दवाखान्यातून बोलावणं आलंय, दिवाळी संपेपर्यंत हो की नाही कळवायचं आहे. तिचा बाप म्हणाला, "तुही माय म्हणन तसं." आता हा माणूस तीस वर्षांत कधी असं बोलला नाही. घराला रंग कोणता द्यायचा तोही त्यानं ठरवला, आणि त्याच्या आवडीचा तो हिरवा मी अजून सोसते आहे. आणि जन्माचा प्रश्न आला, तर चेंडू माझ्या अंगणात! तांड्याच्या नायकाला विचारलं तर तो म्हणाला, बिनधास्त पाठव. त्याची बायको मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, नको पाठवू. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

शेवटी पोरगीच म्हणाली, "याडी, तू मावशीकडे जाऊन पाहून ये ना. पाह्यल्याशिवाय तुले पटणार नाई." आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात, आणि मावशी म्हणजे माझी ही मैत्रीण. तिनंच व्हिसाचे कागद भरले, दिवाळीच्या सुट्टीतलं तिकीट काढलं, माझ्या बीपीच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून दिल्या. नवरा कुरकुरला, ऐन कापूस वेचणीत चालली म्हणून. मी म्हटलं, तूच म्हणाला ना माय म्हणन तसं, मग आता वेच.

मैत्रीण म्हणजे दिग्रसच्या शाळेतली. आठवीपासून बारावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. तिचे वडील तहसील कचेरीत कारकून होते, घर गावातलं, पुस्तकांचं. मी तांड्यावरून एसटीनं यायची. तिच्या घरी मी पहिल्यांदा टेबलावर जेवले, आणि माझ्या याडीच्या हाताखाली ती मोहफुलं वेचायला शिकली. मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, लग्न होऊन घाटंजीकडे आले. तिनं इंजिनीअर नवरा केला आणि वीसेक वर्षांपूर्वी इकडे आली. नवरा खाणीवर कामाला, दोन आठवडे तिकडे वाळवंटात, एक आठवडा घरी. मुलगा दुसऱ्या शहरात शिकायला. मी गेले तेव्हा घरात ती एकटीच होती. एक सांगते, तिची वऱ्हाडी माझ्यापेक्षा अस्सल राहिली आहे. मी शाळेत शिकवून शिकवून पुस्तकी झाले, तिनं मात्र जशी नेली तशी ठेवली.

पण बोलायचीच नाही ना ती! मुद्द्याचं सोडून सगळं बोलायची. पहिल्या दिवशी नळाचं पाणी प्यायला लावलं आणि म्हणाली, "पाह्य, उकळायचं काम नाई. बाईनं अर्ध्या राती एकटीनं चालत जावं, कोणी पाहत नाई." मला वाटलं, म्हणजे पाठव म्हणते. संध्याकाळी त्याच बाईनं मी नेलेली जवसाची चटणी तळहातावर घेऊन चाटली आणि तिचे डोळे गच्च भरून आले. मला वाटलं, म्हणजे नको म्हणते. दुसऱ्या दिवशी शेजारीण कुंपणापलीकडून हात हलवून गेली. मी विचारलं, नाव काय बाईचं? तर म्हणे, "कुत्र्याचं माहीत हाय. तिचं नाई." आणि यावर ती हसली. हे हसू सुखाचं की दुःखाचं, मला काही कळेना. तीस वर्षं पोरांचे चेहरे वाचते मी, गृहपाठ न केलेला पोट्टा दारातच ओळखते, पण या चेहऱ्यापुढं माझी विद्या चालेना.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली. दोनदा असं झालं की ती मागच्या अंगणात फोनवर मराठीत बोलत होती, आणि मी गेले तशी आवाज खाली करून "ठेवते, ठेवते" म्हणाली. विचारलं तर "कामाचा होता." मराठीत कोणतं काम गं बाई? मला वाटलं नवऱ्याशी बिनसलं असणार. मग म्हटलं, बिचारी आपल्याच दुःखात आहे, तिला काय सल्ला विचारायचा. आणि लगेच दुसरं मन म्हणे, विचारायलाच तर आलीस इतक्या लांब. चौथ्या दिवशी मी सरळ तिच्या समोर खुर्ची ओढून बसले. "पाठवू का नको? एका शब्दात सांग." ती भांडी पुसत होती. एक पातेलं तिनं कितीतरी वेळ पुसलं. मग म्हणाली, "उद्या जंगलात जाऊ. चालता चालता सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. शहर संपलं, टेकड्या लागल्या. जंगलाच्या तोंडाशी एक लोखंडी चौकट, खाली जाळी, बाजूला ब्रश. मी जाळीजवळ गेले आणि बूट काढून हातात घेतले. ती पाहतच राहिली. "काय करून राह्यली?" म्हटलं, देवाचं ठिकाण ना हे? आमच्याकडे रानाच्या तोंडाशी अशी काही मांडणी दिसली की पायताण काढायचं, विचारायचं नाही. ती पोट धरून हसली. तिथं बुटांची माती झाडून आत जायचं असतं म्हणे, मातीतून झाडांना रोग लागतो. मी बूट पुन्हा घातले आणि घासले. पण मला वाटलं, माझी समजूत तितकीही चुकीची नव्हती.

आत गेल्यावर मात्र माझं काहीच खरं राहिलं नाही. रान म्हटलं की मला सगळं कळतं असा माझा तोरा. मोह दिसला की समजावं गाव जवळ, पळस दाट झाला की समजावं माळ आला, टेंभुर्णीखाली पाहावं कोण येऊन गेलं. इथं जिकडे पाहावं तिकडे निलगिरीचीच भावकी. पानं झाडावर आणि साली गळून खाली. खोडं जळून कोळसा झालेली, तरी वर हिरवा पाला. मध्येच काळ्या बुंध्यावर गवताचा भला मोठा झुबका. एकही झाड माझ्याशी बोलेना. आणि ऊन! मी म्हणत होते आपण दक्षिणेला चाललो, ती म्हणाली उत्तरेला. मी सूर्य दाखवला, तर म्हणे, "इथं दुपारी तो उत्तरेकडं असते." मी सातवीला विज्ञान शिकवते, हे मीच फळ्यावर काढून दाखवते, पण डोक्यावर प्रत्यक्ष तसा सूर्य आला तर गरगरल्यासारखं झालं.

सवयीनं मी काठी आपटत, मोठ्यानं बोलत चालले होते. आमच्या भागात वाघ आहे, पांढरकवड्याकडे तर शेतात जातानाही माणसं जोरजोरात बोलत जातात. ती म्हणाली, "हळू बोल वं, इथं वाघ नाई, पाखरं उडून राह्यली." मी गप्प झाले आणि जास्तच घाबरले. पुढं एक कांगारू उभं राहून आमच्याकडे पाहत होतं, नळावर बायका पाहतात तसं, नखशिखांत. मग टुणटुण करत निघून गेलं. मी म्हटलं, "आता सांग." ती म्हणाली, "खाली ओढा हाय, तिथं बसून सांगते."

ओढ्याकडे उतरणारी वाट खडकाळ होती, आणि माझा गुडघा असा की उतार दिसला की कुरकुरतो. तिनं मला दोन वाटा फुटतात तिथल्या दगडावर बसवलं. "मी पाह्यून येते पाणी हाय का, नाई तं उगाच तुले उतरवायचं." आणि गेली. झाडांत तिची निळी टोपी थोडी दिसली, मग दिसेनाशी झाली.

दहा मिनिटं झाली असतील. खालून हाक आली. माझ्या शाळेतल्या नावानं. ते नाव आता तिच्याशिवाय कोणी घेत नाही, नवराही नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

आता हे सांगायलाच पाहिजे, नाही तर मी बह्याड वाटेन. माझ्या याडीनं मला चालायला शिकवलं तेव्हाच हेही शिकवलं: रानात नावानं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या हाकेला द्यायची. कारण चकवा, जो माणसाला वाट चुकवून गोल गोल फिरवतो, तो दोनदाच हाक मारू शकतो, तिसरी त्याला येत नाही. म्हणून आमच्यात रानात हाक मारणारा माणूस कायम तीनदा हाक मारतो. सगळ्यांना ठाऊक असतं. मैत्रिणीलाही ठाऊक होतं, मोहफुलं वेचताना याडीनं तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

दुसरी हाक आली. जरा बारीक, ओढल्यासारखी. मी दगडावरून उठून उभी राहिले आणि तिसरीची वाट पाहू लागले.

तिसरी आली नाही.

हे नाव या देशात दोघींनाच माहीत, म्हणजे हाक तिचीच. पण चकव्याला नावं माहीतच असतात, नाही तर तो चकवा कसला? बरं, पासपोर्टबिगर चकवा ऑस्ट्रेलियात येईल कसा? आणि इथलाच असेल तर मराठीत हाक कशी मारेल? विज्ञानाची बाई मी, आणि भर दुपारी दगडाला धरून हा हिशोब करत उभी! ती असती तर तिसरी हाक मारली असती, हे एक. ती आहे आणि तिला तिसरी मारता येत नाहीये, हे दुसरं. दुसरं डोक्यात आलं तशी काठी उचलली. मी गुडघा-बिडघा विसरले आणि बसत, घसरत खाली उतरले.

ती ओढ्याच्या काठी बसली होती. डावा पाय दोन दगडांत अडकून मुरगळला होता. बूट काढलेला, घोटा टम्म सुजलेला. पाय तिनं आपला आपणच सोडवला होता आणि एका फांदीला धरून उठायच्या बेतात होती. मला पाहून ती चिडलीच.

"कावं, ऐकू नाई आलं का तुले?"

"आलं."

"मंग ओ काहून नाई देल्ली?"

"तू तिसरी हाक काहून नाई मारली?"

ती "बाप्पा!" म्हणाली आणि फांदी सोडून खालीच बसली. वाटलं हसेल, पण हसली नाही. "आठवणच नाई राह्यली वं तिसरीची," ती म्हणाली. "इथं काय, दोनदा हाक मारायची, कोणी आलं नाई का आपलं आपण उठायचं. पाह्य ना, उठूनच तं राह्यली होती."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. मी म्हटलं, "मिळालं माझं उत्तर. नाही पाठवत मी पोरीला. इतक्या लांब जाऊन, पाय मुरगळून बसायला, आणि ओ द्यायला कोणी नाही! आजच फोन करते आणि नाही म्हणून कळव म्हणते." चार दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली. तिचा हात खांद्यावर घेतला, उठवलं, आणि आम्ही चढायला लागलो. ती एका पायावर, मी दीड पायावर.

निम्मा चढ झाल्यावर ती थांबली. धाप लागली म्हणून थांबली असं मला वाटलं.

"तिनं हो कळवलं वं," ती म्हणाली.

"कोणी?"

"तुह्या पोरीनं. तू विमानात बसायच्या आधीच. सह्या करून पाठवल्या. मले रोज फोन करते, मावशी, याडीले तुम्ही सांगा, तुमचं ऐकते ती. अन् तू रोज पाठवू का नको, पाठवू का नको. मी काय सांगू?"

मी तिचा हात खांद्यावरून काढून टाकला. सुजल्या पायाच्या बाईचा हात! ती झाडाला धरून उभी राहिली, आणि मी फणफणत पुढं निघाले. घाटंजीच्या बाजारात असते तर तशीच तरातरा घरी गेले असते. इथं दहा पावलांवर वाट फुटली आणि कोणती आपली तेच मला ठाऊक नव्हतं. अशी लाज आली, असा राग आला, आणि वर सूर्य भलत्याच बाजूला. परत आले. तिचा हात पुन्हा खांद्यावर घेतला.

"मग तू तरी सांगायचं," मी म्हटलं. "पाठव तरी म्हणायचं, नको तरी."

"मलेच माहीत नाई तं काय सांगू?" ती रडायला लागली. "मी येऊन चांगलं केलं का वाईट, हेच मले अजून नाई समजलं. एखाद्या दिवशी वाटते लय बेस झालं. दुसऱ्या दिवशी वाटते, काय करून बसली मी. मी तुह्या पोरीले काय म्हणून सांगू?"

चार दिवस मी तिच्या चेहऱ्यात हो की नाही शोधत होते, आणि तिथं ते नव्हतंच. माझा राग थोडा उतरला. सगळा नाही. गाडी ऑटोमॅटिक होती, उजवा पाय शाबूत होता, म्हणून तिनंच चालवली. घरी आल्यावर तिचा पाय उशीवर ठेवला, बर्फ लावला, चहा केला, आणि फोन घेऊन मागच्या अंगणात गेले. पोरीची ड्युटी संपायची वेळ झाली होती.

काय काय बोलायचं ते मी मनात मांडून ठेवलं होतं. आईला विचारत नाहीस. आईला फसवतेस. सात समुद्रापलीकडे नेऊन फसवतेस! तिनं "याडी" म्हटलं आणि माझी सगळी मांडणी कोसळली.

"हो कळवलंस तू?"

"मावशीनं सांगितलं?"

"कोणी का सांगेना. आपलं आपण ठरवलं होतं तर मले कायले पाठवलं इथं? माय इकडं रोज उठून विचार करून राह्यली, पाठवू का नको, अन् तू तिकडं सह्या करून मोकळी! मी काय नाटकात काम करायले आलती?"

"नाटक नव्हतं याडी."

"मग काय होतं?" वॉर्डातली कुठली तरी ट्रॉली खडखडत गेली तेवढी ऐकू आली. माझा आवाज आपोआप खाली आला. जे विचारायचं ठरवलं नव्हतं ते विचारलं. "खरं सांग. तुले भेव नाई लागत?"

"लागते ना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम लहानपणचा झाला. "लय लागते याडी. म्हणून तं तुले आधी पाठवलं."

मी पायरीवर बसले. शेजारीण कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती, तिनं हात हलवला, मीही हलवला. फोन कानालाच होता आणि ती पलीकडे वाट पाहत होती. मी पदरानं नाक पुसलं आणि म्हटलं, "बूट चांगले घे. इथले दगड घसरतात."